शय्याव्रणांवर पीएच.डी.: दोन वॉर्डांची तुलना पुरेशी ठरेल का?

रात्रपाळी
मी वैद्यकीय-शल्य परिचर्येत एम.एस्सी. केले असून नऊ वर्षे शासकीय रुग्णालयात काम करते. पीएच.डी.साठी शय्याव्रणांचा (बराच काळ एकाच कुशीवर पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमांचा) प्रतिबंध हा विषय घ्यावा असे मनात आहे. एका वॉर्डातील परिचारिकांना प्रशिक्षण द्यायचे, दुसऱ्या वॉर्डात नेहमीप्रमाणे काम चालू ठेवायचे आणि दोन्हीकडचे ज्ञान आधी व नंतर प्रश्नावलीने मोजायचे, असा आराखडा केला. पण गाइड मॅडमना तो एम.एस्सी.च्या प्रबंधासारखा वाटला. नेमके काय कमी पडते?

परिचर्याध्यापक
ताई, शिकवल्यावर गुण वाढतात, हे दाखवायला तीन वर्षे कशाला हवीत? दर दोन तासांनी कूस बदलायची, हे प्रत्येकीला पाठ असते. रात्री भरलेल्या वॉर्डात दोघीच असताना ते घडते का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून ज्ञानाऐवजी दर हजार रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) नव्याने होणारे व्रण मोजावेत. मात्र पहिल्या पायरीच्या व्रणाची खूण म्हणजे दाबूनही न जाणारी लाली, आणि आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही. तिथे उष्णता, कडकपणा व वेदना तपासाव्या लागतात. दोन निरीक्षकांनी एकाच रुग्णाची स्वतंत्र तपासणी करून त्यांच्यातील एकमत कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळलेली मते वगळून एकमत मोजणाऱ्या आकड्याने) आधीच पडताळले नाही, तर पुढची सारी आकडेमोड डळमळीत राहील.

आकडेमोड
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते मोठा दोष दोनच वॉर्ड घेण्यात आहे. अस्थिरोग वॉर्डात व्रण कमी झाले, तर ते प्रशिक्षणामुळे की तिथल्या इन्चार्ज सिस्टरांच्या शिस्तीमुळे, हे कोणतीही सांख्यिकी चाचणी वेगळे करून सांगू शकत नाही. प्रत्येक गटात अनेक वॉर्ड हवेत. शिवाय एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. दर वॉर्डातून २० रुग्ण घेतले आणि अंतर्वर्गीय सहसंबंध, म्हणजे हे सारखेपण मोजणारा आकडा, ०.०५ धरला, तर १ + (२० − १) × ०.०५ म्हणजे १.९५ पट नमुना लागतो. साध्या सूत्राने २०० रुग्ण येत असतील, तर तयारी ३९० ची ठेवावी.

रात्रपाळी
आमच्याकडे दर काही महिन्यांनी परिचारिकांचे वॉर्ड बदलतात. प्रशिक्षित परिचारिका तुलनेच्या वॉर्डात गेली तर?

परिचर्याध्यापक
तर तुलना बिघडेल. सर्व वॉर्डांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण द्यायचे आणि कोणाचा क्रम कधी, हे चिठ्ठीने ठरवायचे, अशी रचना तुम्हाला सोयीची पडेल. अखेर कोणताच वॉर्ड वंचित राहत नाही, त्यामुळे एथिक्स कमिटीला पटवणेही सोपे जाते. बदल्यांमुळे थोडी सरमिसळ तरीही राहील. म्हणून ड्युटी रोस्टरची प्रत दर महिन्याला जपून ठेवा. शिवाय अशा प्रयोगांची नोंद ठेवणारी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वीच नोंदणी मागते. ती राहून गेली, तर मागाहून करता येत नाही.