केमो संपली, पण पायांची आग आणि बधिरपणा जात नाही – अनुभव आणि सोबत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी माझं ऑपरेशन झालं आणि नंतर केमो. त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध होतं. आता तपासण्या चांगल्या येत आहेत. पण केमोने हातापायांच्या नसांना इजा झाली आहे, डॉक्टर त्याला न्यूरोपथी म्हणतात. त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून हा धागा.

केमो चालू असताना त्रास वेगळा होता. सलाईननंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लावता यायचा नाही, नळाच्या पाण्यानेही बोटं झणझणायची, गार पाणी प्यायलं की घसा आवळायचा. पुढच्या डोसापर्यंत ते ओसरायचं. शेवटच्या डोसानंतर मात्र उलटंच झालं. आधी पायाच्या बोटांची टोकं बधिर होती, मग चवडे झाले, मग घोट्यापर्यंत आलं, आणि हाताची बोटंही. औषध बंद असताना त्रास वाढतोय म्हटल्यावर कॅन्सर परत आला की काय या भीतीने माझी झोपच उडाली. डॉक्टरांनी समजावलं, की संवेदना वाहून नेणाऱ्या ज्या पेशी मणक्यालगत असतात त्यांनाच हे औषध इजा करतं, त्यामुळे ते थांबल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो. पुढे पुष्कळांचा हळूहळू कमी होतो, काहींचा थोडाफार उरतो. सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून. हे मला केमोच्या आधी सांगायला हवं होतं. ती भीती टळली असती.

रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. आणि गंमत नाही हो ही, त्याच पायाला खडा टोचला तर कळत नाही. चालताना पायाखाली मोजा गुंडाळून राहिल्यासारखं वाटत राहतं. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, पर्समध्ये हात घालून किल्ली कुठली आणि नाणं कुठलं ते ओळखता येत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. गाडी चालवणं बंद केलंय, कारण ब्रेकवर पाय किती दाबलाय त्याचा अंदाज येत नाही. हे सोडणं मला सगळ्यांत जड गेलं.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. घरचे लोक प्रेमळ आहेत, माझं सगळं केलं त्यांनी. पण मी ‘पाय फार दुखताहेत’ म्हटलं की नवऱ्याचा चेहरा उतरतो. त्याला पाय ऐकू येत नाही, कॅन्सर ऐकू येतो. लगेच ‘उद्या स्कॅन करून घेऊ’ सुरू होतं. बाहेरचे म्हणतात, ‘वाचलीस ना, मग मुंग्यांचं काय एवढं!’ एकीकडे घबराट, दुसरीकडे उडवून लावणं. मधल्या मध्ये मी गप्प बसायला लागले आहे. मला असं कोणीतरी हवंय, ज्याच्यासाठी पायाचं दुखणं म्हणजे फक्त पायाचं दुखणं असेल.

नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या प्रीगाबालिनने चक्कर आणि गुंगी फार आली. आता डॉक्टर ड्युलोक्सेटिन सुचवताहेत. कोणी घेतलं आहे का? आणि असा त्रास असलेल्या चारपाच जणांनी फोनवर नियमित बोलायचं ठरवलं, तर ते टिकतं का?

प्रतिसाद – पायवाट

ताई, मला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधामुळे हेच झालं. बटणांचं वाचून अगदी आत लागलं. ड्युलोक्सेटिन मी घेते. सुरुवातीला मळमळ झाली, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर सोसलं. आग बरीच कमी झाली, बधिरपणा मात्र होता तसाच आहे. या गोळ्या वेदनेवर काम करतात, गेलेली संवेदना परत आणत नाहीत. हे आधी माहीत असलं म्हणजे ‘गोळी लागू पडत नाही’ असं वाटून सोडून दिली जात नाही. केमोनंतरच्या दुखऱ्या न्यूरोपथीसाठी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस केली ती याच एका औषधाची. मनाने एकदम बंद मात्र करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो. बाकीची औषधंही डॉक्टरांना सांगा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी तर आवर्जून.

आमचा चौघींचा फोनगट आहे. टिकला, कारण कोणी कोणाला डोस सुचवत नाही आणि एखादीला नुसतं रडायचं असलं तर बाकीच्या उपाय सांगत सुटत नाहीत.

प्रतिसाद – जुना वाटसरू

माझी न्यूरोपथी डायबेटिसची, पण पाय सांभाळायची रीत एकच. पाण्याचा अंदाज बोटांनी घेऊ नका, कोपराने घ्या, तिथली जाणीव सहसा शाबूत असते. गरम पाण्याची पिशवी पायाला नको. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा आणि डोळ्यांनीही बघा. रोज रात्री आरसा धरून तळवे तपासायचे. मला एकदा फोड असाच दिसला, दुखला अजिबात नव्हता. रात्री उठायच्या वाटेवर दिवा ठेवा. पायाकडून खबर येत नसली की तोल डोळ्यांवर चालतो, त्यामुळे अंधारात आपण जास्त पडतो.

बी-१२ तपासलं नसेल तर तपासून घ्या. ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, बी-६ जास्त झालं तर त्यानेच नसा बिघडतात.

प्रतिसाद – सोबती

मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा माणूस. माझ्या बायकोची केमो झाली, तेव्हा मीही असाच घाबरायचो. तिने ‘आई गं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलच. शेवटी तिनेच मार्ग काढला. बोलायच्या आधी ती ‘जुनंच’ किंवा ‘नवीन’ असं सांगते. ‘जुनंच’ म्हटलं की मी नुसतं ऐकायचं, पाय चेपू का एवढंच विचारायचं. ‘नवीन’ म्हटलं की डॉक्टरांना फोन. एकाच बाजूची शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पाठीत नवीन जोराची कळ आली, तर त्याच दिवशी दाखवायचं हे आम्ही डॉक्टरांकडून लिहून घेतलं. यादी हातात आल्यावर माझी भीती पुष्कळ उतरली. तुमच्या यजमानांना बोलावंसं वाटलं तर मी आहे.

धागाकर्ती

सोबती, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘यांचा नंबर मिळेल का?’ तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. आमचीही यादी पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घेणार.

पायवाट, तुमच्या गटात पाचवी चालेल का? मला दुपारी कधीही जमेल. जुना वाटसरू, आरसा आजच काढून ठेवला.

अजून एक विचारायचं राहिलं. तोल सांभाळायच्या व्यायामांसाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवताहेत. कोणी केलेत का हे व्यायाम? घरी करताना धरायला काय ठेवता, आणि पुन्हा गाडी चालवण्याइतका भरवसा कोणाला आला का?