पॉलिग्राफ एक्झामिनरच्या लायसन्सची फी किती असते? सल्ला हवाय

चोपडेकर:
नमस्कार मंडळी, लहान बहिणीचं जळगावला सायकॉलॉजीत एमए झालंय, तिला पॉलिग्राफचं म्हणजे ते लाय डिटेक्टरचं काम शिकायचंय. एक खासगी इन्स्टिट्यूटवाले म्हणताहेत कोर्सची फी वेगळी, वर सरकारी लायसन्सची फी वेगळी आणि दरवर्षी रिन्यूअल. वडील म्हणे कापसाचे पैसे आले की भरू. खरी फी किती, कुठे भरायची?

धुळ्याचा_वकील:
भाऊ, आधी पैसे थांबवा. भारतात पॉलिग्राफवाल्यांसाठी लायसन्सचा कायदाच नाही, मग फी कशाची घेताहेत? लायसन्स अमेरिकेत असतं, तेही काही राज्यांतच. आपल्याकडे पोलीस केसमधल्या टेस्ट बहुतेक सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्येच होतात. आणि 2010 च्या सेल्वी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कुणावर ही टेस्ट जबरदस्तीने करता येणार नाही, संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावी लागते, आणि संमतीने केली तरी रिझल्ट थेट पुरावा म्हणून चालत नाही. त्यांना फक्त विचारा, कुठल्या कायद्याखाली लायसन्स, लेखी द्या.

भुसावळची_ताई:
वकीलसाहेबांशी सहमत. मी फॉरेन्सिकमध्येच आहे म्हणून कळकळीने सांगते, बहिणीची आवड मारू नका, रस्ता बदला. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकवतात, एन्ट्रन्स असते, आणि आपल्याकडून सुरतमार्गे जाणं अवघड नाही. दुसरं, महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या भरतीत वैज्ञानिक सहायक (मानसशास्त्र) अशी पोस्ट निघते, ती जाहिरात बघत राहा, शिक्षणाची अट तिच्यातच नीट वाचा.
अजून एक, मशीन खोटं पकडत नाही. ते श्वास, बीपी, नाडी, घाम एवढंच टिपतं. निरपराध माणूसही घाबरला की आलेख हलतो, त्यामुळे टेस्टच्या आधीची मुलाखत आणि प्रश्न कसे बांधायचे हेच खरं काम, आणि ते चार दिवसांच्या क्रॅश कोर्समध्ये येत नाही हो, चुकीच्या हातात एखाद्याचं आयुष्य खराब होतं. तिचं एमए झालंय तर पाया पक्का आहे.

चोपडेकर:
वडलांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली, पैसे थांबवलेत. ताई, त्या एन्ट्रन्सला फक्त सायकॉलॉजी विचारतात की फॉरेन्सिकचं पण? तिने आत्तापासून काय वाचावं?