कॅनन पी साठी पहिली लेन्स: ३५ की ५०? (बजेट १५ हजार)

हर्णैचा_पोर: मामांच्या कपाटातून कॅनन पी हा जुना फिल्म कॅमेरा मिळालाय, १९५९ च्या मॉडेलचा. नुसती बॉडी, लेन्स नाही. लेन्स बसवायचं माउंट ३९ मिमी स्क्रूचं. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तिथली माणसं टिपायची आहेत. ३५ मिमीची लेन्स घेऊ (जास्त रुंद दिसतं) की ५० ची (जरा जवळचं)? १५ हजारांच्या वर एक रुपया नाही. चष्मा आहे.

फिल्मवेडा: ५०, प्रश्नच नाही. लायकाची सुमिक्रॉन घे. माझी नातवंडंही वापरतील.

हर्णैचा_पोर: दादा, १५ हजार.

फिल्मवेडा: मग वर्षभर थांब. एकदाच घ्यायची वस्तू.

देवगडचो_झील: कित्याक इतको इचार करतंस? पन्नास घे नि गप रव.

भाट्येकर: रशियन ज्युपिटर-८ बघ, ५० मिमी एफ२. माझ्या झॉर्कीवर (रशियन कॅमेरा) झकास चालते आणि बजेटात आरामात बसते. जपानी बॉडीवर मात्र पूर्ण उघडी ठेवून जवळचं काढलंस तर फोकस जरा चुकतो. एफ८ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) बारीक केलं की, पत्ताही लागत नाही.

सावंतवाडी_७२: संध्याकाळी एफ८? कमाल आहे.
मी कॅननची ५० एफ१.८ घेतली होती. मुंबईचा विकणारा म्हणाला, "एकदम क्लीन." घरी आणून बघतो तर अ‍ॅपर्चरच्या मागच्या काचेवर धुरकट थर. या लेन्सचं हे जुनं दुखणं आहे, आणि थराने काच खाल्ली असेल तर पुसूनही जात नाही. पैसे बुडाले ते बुडालेच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून मोबाईलचा टॉर्च मारून काढलेला फोटो मागव. देत नसेल तर सोड.

भाट्येकर: आणि चामड्याच्या केसात ठेवू नकोस, पावसाळ्यात बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल.

आज्जीचा_नातू: तांदळात ठेवायची. आमच्याकडे सगळं तांदळातच ठेवतात.

सावंतवाडी_७२: तांदळाची भुकटी फोकस रिंगमध्ये गेली की समजेल.

गुहागर_वारा: मुख्य गोष्ट कोणी सांगितलीच नाही. किनाऱ्यावर कॅप लावून ठेव. आत आरसा नसतो, सूर्याकडे तोंड राहिलं की शटरच्या पडद्याला भोक. माझ्या झॉर्कीचं झालंय.

चष्मिस: झॉर्कीचा पडदा कापडी, पी चा स्टीलचा. तो जळत नाही, पण बोट लागलं की चुरगळतो.
आणि पोराने चष्म्याचं लिहिलंय ते कोणी वाचलं का? पी च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ३५, ५० आणि १०० च्या चौकटी (फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या) एकदमच दिसतात. ३५ ची अगदी कडेला, चष्म्यातून चारही कोपरे एका वेळी दिसत नाहीत. मी डोळा फिरवत बसतो, तोवर समोरचा माणूस निघून जातो.

फिल्मवेडा: म्हणजे ५०. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. सुमिक्रॉन.

हर्णैचा_पोर: सगळ्यांचे आभार. कॅननची १०० एफ३.५ घेतली. टॉर्चचा फोटो मागवला, काच स्वच्छ, पैसेही उरले. चौकट चष्म्यातून अख्खी दिसते. लिलावात मधे घुसलं की मावश्या हाकलतात, आता लांबूनच काढेन.

देवगडचो_झील: शंभर??

चष्मिस: पहिली लेन्स म्हणून मी दिली नसती. असो. ४०० ची (कमी उजेडात चालणारी) फिल्म टाक, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस, हात हलतो. अंधार पडायच्या आत आटप.

फिल्मवेडा: उरलेले पैसे सुमिक्रॉनसाठी ठेव.