एप्रिल-मेमध्ये भिगवणला बोटिंग बंद करावं का? आमच्या ग्रुपवर भांडण पेटलंय

कर्वेनगरची_चिमणी:
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मागच्या रविवारी आम्ही सहा जण पुण्याहून भिगवणला गेलो होतो. फ्लेमिंगो गेलेत हे माहीत होतं, पण ग्रुपमधल्या एका काकांना नदी सुरयचे (मासे पकडणारा पाणपक्षी, रिव्हर टर्न) उडतानाचे फोटो हवे होते. उजनी धरणाचं पाणी इतकं उतरलंय की फुगवट्यात (धरणामागे साठलेल्या पाण्यात) जागोजागी उंचवटे उघडे पडलेत, त्यातल्याच एकाला आमची नाव लावली, काका लेन्स काढत बसले आणि आम्ही पाय मोकळे करायला उतरलो. डोक्यावर पन्नासेक सुरय किंचाळत होते, मला वाटलं वा काय मस्त, आणि खाली बघते तर सँडलपासून वीतभर अंतरावर दोन अंडी! घरटं वगैरे काही नाही हो, मातीत नुसता खळगा, अंडी मातकट आणि वर तपकिरी ठिपके, लांबून खडाच वाटेल. मी ओरडले, सगळे होते तिथे थांबले, मग नीट बघितलं तर इकडेतिकडे अंडीच अंडी. एकेक पाऊल बघून टाकत नावेत परत यायला दहा मिनिटं लागली. येताना तरी कुणाचा पाय पडला नाही, जाताना पडला असेल तर देव जाणे.

आता ग्रुपवर अर्धे म्हणतात मार्च ते जून बोटिंगच बंद करा, अर्धे म्हणतात नाववाल्यांच्या पोटावर पाय कशाला. मला दोन्ही पटतंय आणि तीच पंचाईत आहे.

दुर्बीणवाला:
ताई, राग मानू नका पण पन्नास सुरय डोक्यावर किंचाळतायत म्हणजे ते तुमचं स्वागत करत नव्हते. एप्रिलच्या उन्हात अंड्यावर बसायचं ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. सुरय पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तुम्ही दहा मिनिटं तिथे, मग पुढची नाव, मग तिसरी, तोवर अंडं शिजतं, नाहीतर कावळा उचलतो. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसतं, हे किती फोटोग्राफरना माहितीय? "दादा अजून थोडं जवळ घ्या ना" हे कोण म्हणतं, आपणच ना. माझं मत सरळ आहे, तीन महिने बंद. फ्लेमिंगोचा सीझन संपल्यावर असे किती लोक येतात?

भीमाकाठचा:
दुर्बीणवाले दादा, किती येतात ते आम्हाला विचारा. आमची जमीन या धरणात गेली, आजोबांनी जाळं धरलं, वडील नाव चालवतात. थंडीत पर्यटक आणि उन्हाळ्यात चिलापी मासा, असं वर्ष निघतं. "बंद" म्हणजे नक्की काय बंद, जाळं टाकायला पण नाव काढायची नाही का? खोटं कशाला बोलू, नवीन पोरं इंजिन मारत थेट बेटाला लावतात, गिऱ्हाईक खूश झालं की शंभर जास्त मिळतात. वडील तसं करत नाहीत, ते लांबूनच इंजिन बंद करतात आणि वल्ह्यावर कडेकडेने नेतात. पण एक गोष्ट तुमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. पाणी अजून उतरलं की ते बेट काठाला जोडलं जातं. मग मेंढरं येतात, कुत्री येतात, गाळपेरीला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरायला, ट्रॅक्टर फिरतो. मागे एकदा मी स्वतः बघितलं, संध्याकाळपर्यंत सुरय बसलेले होते आणि सकाळी नुसत्या नांगराच्या तासा. तिथे बोट बंद ठेवून काय वाचणार होतं?

निवृत्त_पाटबंधारे:
भीमाकाठचा यांचा मुद्दा बरोबर आहे, त्याला पाण्याच्या हिशोबाची जोड देतो. ११७ टीएमसीच्या उजनीत जवळपास ६३ टीएमसी मृतसाठाच, म्हणजे शून्य टक्क्याच्या खालचं पाणी, आहे, त्यामुळे "धरण मायनसमध्ये गेलं" म्हणतात तेव्हाही पाणी असतंच, पण काठ पार आत गेलेला असतो. एखाद्या वर्षी बेटं फेब्रुवारीतच उघडी पडतात, एखाद्या वर्षी मेपर्यंत पाण्याखाली. अंडी उबायला साधारण तीन आठवडे, वर पिल्लं उडेपर्यंत आणखी तेवढे धरा. मग १ मार्च ते ३० जून अशी कॅलेंडरवरची बंदी कशी बसणार? पातळी बघून, बेट बघून ठरवा. आणि वळवाचा पाऊस वर जोरात झाला, दौंडकडून विसर्ग वाढला, की उशिरा घातलेली अंडी पाण्यात. त्यावर आपल्या हातात काही नाही, पण त्याआधीचे पाच-सहा आठवडे तरी त्यांना मिळायला हवेत की.

कयाकवीर_बावधन:
आमच्या कयाकला इंजिनच नाही, आवाज नाही धूर नाही, आम्हाला पण त्याच नियमात का घालताय? सगळीकडे नुसतं बंद बंद.

दुर्बीणवाला:
अहो आवाज नाही म्हणूनच तर तुम्ही उथळ पाण्यातून पार बेटाला टेकता, जिथे मोठी नाव जातच नाही. पक्ष्याला आवाजापेक्षा अंतर कळतं. थवा एकदम उठला म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, मग वल्हं असो नाहीतर इंजिन.

बाकी भीमाकाठचा, ट्रॅक्टरचं मला खरंच माहीत नव्हतं. सरसकट बंदीचं माझं म्हणणं मागे घेतो, पण बेटावर उतरायचं नाही यावर ठाम आहे. उतरणाऱ्याला नाववाल्यांनीच नाही म्हटलं पाहिजे.

भीमाकाठचा:
एकट्याने नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या नावेत बसतं दादा. सगळ्या नाववाल्यांनी मिळून ठरवलं तरच जमेल. वडिलांना काल विचारलं, ते म्हणाले जिथे अंडी आहेत त्या बेटाच्या चारी बाजूंना पाण्यात बांबू रोवू, वर फडकं बांधू, त्याच्या आत ना नाव ना जाळं. बाहेरून फिरा की. आणि गाळपेरवाल्याला आधीच सांगून तेवढा तुकडा महिनाभर सोडायला लावायचा, तो आमच्याच भावकीतला आहे, ऐकेल बहुतेक.

कर्वेनगरची_चिमणी:
हे ग्रुपवर टाकू का? आणि काकांचं काय करायचं, ते परत जायचं म्हणतायत, त्यांना अंड्यावर बसलेल्या सुरयचा फोटो हवाय 😅

भीमाकाठचा:
टाका की ताई. काकांना म्हणावं मोठी लेन्स आणा, बांबूच्या आत नाव जाणार नाही. बांबू आमच्याकडे पडलेत, फडकी तेवढी पुण्याहून आणा, लाल नको, जुनी पांढरी चादर चालेल. येताना साडेपाचला काठावर पोचा, आठनंतर ऊन चढतं.