प्रतिसाद: थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर सगळे ‘फॅमिली, हेल्थ’च म्हणतात

थँक्सगिव्हिंग म्हणजे अमेरिकेतला आभार मानण्याचा सण; त्या जेवणाला टेबलावर प्रत्येकजण आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगतो. एकाने विचारलंय की ही फेरी सुरू झाली की तिसऱ्या माणसापासून तीच उत्तरं का येतात. ऐन वेळी विचारलं की डोक्यात मोठे शब्दच येतात, आणि समोर टर्की थंड होत असते! नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आठवायला बसू नका. साधारण तीन आठवडे आधी फ्रिजजवळ रिकामी बरणी, पेन आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे कागद ठेवा. आठवड्याला माणशी दोनच चिठ्ठ्या. रोजची सक्ती केली की चौथ्या दिवशी गृहपाठ होतो.

नियम एकच: चिठ्ठीत माणूस, वस्तू किंवा वेळ यांतलं काहीतरी नेमकं हवं. ‘आजीची आभारी आहे’ चालणार नाही. ‘आजीने व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत पाढे म्हणून घेतले, स्वतःचा चहा गार झाला तरी’ हे चालेल.

लहान मुलं अडली तर खंडेनवमीची युक्ती वापरा. आपण हत्यारं-अवजारं पुजतो, तसं विचारा: यंदा कुठल्या वस्तूने सगळ्यात जास्त काम केलं? डिशवॉशर, बर्फाचं फावडं, इन्हेलर, पटापट उत्तरं येतात.

वाचन जेवणाआधी नको, शेवटी गोड ‘पाय’ (pie) खाताना करा. चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची, म्हणजे लाजरी माणसं सुटतात. आठ-दहा जणांत माणशी एकच पुरे, उरलेल्या बरणीतच राहू द्या. आणि ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलंय, तिथे फेरीच टाळा. बरणी नुसती ठेवा, ज्याला टाकायची तो टाकेल.