मधुमेहात क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियमच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

रानवारा
मिस्टरांना बरीच वर्षं टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन चालू आहे. बीपीसाठी लघवी वाढवणारी थायझाइड गटातली गोळी आणि ॲसिडिटीसाठी रोज उपाशीपोटी पँटोप्राझोल. यावेळी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ७.८ आला. हल्ली रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की झोपेतून कळवळून उठतात. एका परिचितांनी 'खास शुगरवाल्यांसाठी' म्हणून क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम सगळं एकत्र असलेल्या कॅप्सूल आणून दिल्यात. म्हणतात, मेटफॉर्मिन सुटेल. डबी अजून फोडलेली नाही. द्याव्यात का?

परीक्षानळी
ताई, मी डॉक्टर नाही, पण बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली आहेत. डबी राहू दे तशीच, आणि मेटफॉर्मिनला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. माझं लक्ष गेलं ते तुम्ही दिलेल्या गोळ्यांच्या यादीकडे.

शुगर फार वाढली की ती लघवीतून जाते आणि जाताना मॅग्नेशियमही घेऊन जाते. थायझाइडनेही ते लघवीवाटे जातं. पँटोप्राझोलच्या गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तरी मॅग्नेशियम उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०११ मध्ये तसा इशाराच दिला होता. म्हणजे यांच्याकडे गळतीच्या तीन वाटा आहेत. इन्सुलिन पेशीवर येऊन चिकटलं की पुढची साखळी चालू व्हायला मॅग्नेशियम लागतं. ते कमी असलं तर इन्सुलिन असूनही काम नीट होत नाही, शुगर चढते, आणि चढलेली शुगर उरलंसुरलं मॅग्नेशियमही घालवते. थायझाइडने पोटॅशियमही उतरतं, आणि ते उतरलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं.

रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांमागेही हेच असू शकतं. म्हणून डॉक्टरांशी बोलून सीरम (रक्तातल्या पेशी वगळून उरणारं पाणी) मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन करून घ्या. मॅग्नेशियम साधारण १.७ ते २.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर असावं. मात्र शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहूनही कमी सीरममध्ये असतं, त्यामुळे आकडा काठावर असला तरी निश्चिंत होऊ नका. आणखी एक: रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सीरममध्ये मिसळतं आणि आकडे खोटेच चांगले दिसतात. सीरमला गुलाबी झाक दिसली की आम्ही नमुना परत मागवायचो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड', म्हणजे पेशी फुटलेला नमुना, असा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करा.

क्रोमियमचा बोलबाला जुना आहे. १९७० च्या दशकात दीर्घकाळ फक्त शिरेतून पोषण मिळणाऱ्या काही रुग्णांची शुगर बिघडली आणि क्रोमियम दिल्यावर सुधारली. पण त्यांच्या सलाइनमध्ये क्रोमियम नव्हतंच! तोंडाने जेवणाऱ्या माणसाला ते फारच थोडं लागतं, दिवसाला काही मायक्रोग्रॅम, आणि तेवढं सहसा जेवणातून मिळतं. झिंकचंही तेच. स्वादुपिंडात इन्सुलिनचे सहा-सहा रेणू झिंकच्या आधाराने एकत्र बांधून साठवले जातात, हे खरं. म्हणून जास्त झिंक घेतल्याने इन्सुलिन वाढत नाही, उलट मोठ्या डोसने शरीरातलं तांबं कमी होतं. कमतरता असेल तर ती भरून काढायची, एवढंच खनिजांचं काम. ती औषधाची जागा घेत नाहीत.

हिरव्या पालेभाज्या, डाळी, सुकामेवा, बिया, कोंड्यासकटचं धान्य यांत मॅग्नेशियम भरपूर असतं. ते आजपासून वाढवा, पण क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर आहार डॉक्टरांना विचारूनच.

सावली
वरच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. आमच्या आईंना मधुमेहाने किडनीचा त्रास आहे आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. कोणीतरी चांगल्या मनाने कमी सोडियमवालं मीठ सुचवलं. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं! किडनी थकलेली आणि वर ही गोळी, म्हणजे पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मॅग्नेशियमही किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे तेही साचतं.

रानवारा
रिपोर्ट आले. मॅग्नेशियम १.४, पोटॅशियम ३.३, क्रिएटिनिन नॉर्मल. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, पँटोप्राझोल हळूहळू बंद करायला सांगितलं, पोटॅशियमचं सिरप थोडे दिवस आणि मॅग्नेशियमची गोळी दिली. पायांच्या नसाही तपासल्या. कॅप्सूलची डबी परत केली. एक विचारायचं राहिलं, हे सकाळी थायरॉइडची गोळीही घेतात. ती आणि मॅग्नेशियमची, दोन्ही एकदम चालेल?

परीक्षानळी
नाही. मॅग्नेशियममुळे थायरॉइडच्या गोळीतलं थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, किमान चार तासांचं अंतर ठेवा. सकाळी थायरॉइडची, रात्री जेवणानंतर मॅग्नेशियमची. पुढे कधी अँटिबायोटिक लिहून दिलं तर तेव्हाही मॅग्नेशियम चालू असल्याचं सांगा, काहींच्या बाबतीत अशीच अडचण येते. जुलाब लागले तर डोस जास्त होतोय असं समजून डॉक्टरांना कळवा. आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचं, ते आत्ताच विचारून ठेवा.