विषय: भाच्याचे एमबीए – 'नाव' तोलायचे कसे?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझा भाचा नाशिकला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षे खरेदी विभागात आहे. त्याला येत्या ऑगस्टपासून इथे अमेरिकेत एमबीएसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक विद्यापीठ क्रमवारीत बरेच वर आहे, पण तिथे पूर्ण फी भरावी लागेल. दुसरे त्याहून वीसएक क्रमांकांनी खाली असून त्यांनी निम्मी फी माफ केली आहे. 'नाव मोठे' म्हणून घरचे सगळे पहिल्याकडे झुकले आहेत. कर्ज मात्र माझ्या मेव्हण्यांचे राहते घर तारण ठेवून काढावे लागणार आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण फिलाडेल्फियाच्या परिसरात राहतो, तेव्हा टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलचे प्रकरण तुमच्या कानावर आले असेलच. त्यांचा ऑनलाइन एमबीए 'यू. एस. न्यूज' या प्रकाशनाच्या क्रमवारीच्या यादीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे पहिला होता. प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांनी जीमॅट ही प्रवेशपरीक्षा दिल्याचे त्यांनी कळवले होते, प्रत्यक्षात देणारे जेमतेम एक पंचमांश होते. माजी अधिष्ठाता मोशे पोराट यांना मार्च २०२२ मध्ये चौदा महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला. सगळेच असे करतात असे मला म्हणायचे नाही, पण यादीतले पुष्कळसे आकडे ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांनीच पुरवलेले असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रामाणिक यादीसुद्धा तुमच्या प्रश्नाचे उत्तर देईलच असे नाही. 'फायनान्शियल टाइम्स' हे वृत्तपत्र आपल्या क्रमवारीसाठी तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्यांचे पगार विचारते आणि ते क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशांत त्या देशात किती खरेदी होते हे धरून, डॉलरमध्ये बदलते, त्यामुळे मुंबईतला पगार तिथे आहे त्याहून बराच भरघोस दिसतो. त्या डॉलरांनी कर्जाचा हप्ता फिटत नाही!

माझ्या मते क्रमांक बाजूला ठेवून दोन्ही ठिकाणचा नोकऱ्यांचा वार्षिक अहवाल मागवावा. 'तीन महिन्यांत ९० टक्क्यांना नोकरी' असे छापलेले असते, तेव्हा ते टक्के फक्त नोकरी शोधणाऱ्यांवर काढलेले असतात. स्वतःचा व्यवसाय करणारे, जुन्या कंपनीत परतणारे आणि माहितीच न देणारे त्यातून वगळलेले असतात. अमेरिकेत कायम काम करण्याची परवानगी असलेले आणि नसलेले यांचे आकडे चांगल्या अहवालात वेगवेगळे दिलेले असतात. भाच्याने फक्त दुसरा रकाना वाचावा. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडतो का, हेही विचारावे, कारण मोडत असेल तर ओपीटीच्या (शिक्षणानंतर इथे काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीच्या) बारा महिन्यांवर आणखी चोवीस महिने मिळू शकतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला ही दोन वर्षे क्रमवारीतल्या वीस पायऱ्यांपेक्षा मोलाची ठरतात.

शिवाय नाव हे विषयागणिक आणि प्रदेशागणिक बदलते. मिशिगन स्टेटच्या ब्रॉड कॉलेजचे एमबीए एकूण यादीत व्हार्टनसारख्या अव्वल बिझनेस स्कूलच्या आसपासही नसते, तरी सप्लाय चेनच्या (खरेदी-पुरवठा साखळीच्या) शिक्षणात त्याला फार वरचे स्थान आहे आणि डेट्रॉइटचा वाहन उद्योग त्याच राज्यात आहे. खरेदी विभागात चार वर्षे काढलेल्या मुलाने हे पाहायला हवे. एएसीएसबी या बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असल्याची तेवढी खात्री करून घ्यावी. अर्थात ती जगभरात शेकडो संस्थांना आहे, तेव्हा तिच्यावरून निवड करता येणार नाही.

---

नमस्कार, आणि मनःपूर्वक आभार.

आपल्या सूचनेप्रमाणे दोन्ही अहवाल काढले. कमी क्रमांकाच्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांचा रकाना स्वतंत्र दिला आहे. वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठाने एकत्र बेरीज छापली आहे. भाच्याने त्यांच्या प्रवेश कार्यालयाला सुटे आकडे मागणारे पत्र पाठवले आहे. अनामत भरण्याची मुदत पंधरा तारखेला संपते, तोवर उत्तर न आल्यास निम्मी फी माफ केलेल्या ठिकाणी पैसे भरायचे, असे मेव्हण्यांनी काल रात्री फोनवर सांगितले.